'द किंग' बघून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

ऐतिहासिक सिनेमावर काम करायचंय असं म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या सिनॉप्सिसमध्ये एकच प्रश्न असतो : 'अमुक चित्रपट इतिहासाशी किती प्रामाणिक आहे?' हा प्रश्न पीएचडीला पुरत नाही. का पुरत नाही आणि त्यातून पुरेल असा प्रश्न कसा काढायचा, ते आज एका उदाहरणावर बघू. (कथेचा शेवट सांगणार आहे, त्यामुळे सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

उदाहरण आहे डेव्हिड मिशॉ यांचा 'द किंग', २०१९ सालचा. टिमथी शालामेने यात इंग्लंडचा पाचवा हेन्री, म्हणजे 'हॅल' केलाय. बापाशी पटत नाही, राज्य नको, युद्ध तर नकोच, दारूच्या गुत्त्यात मित्र फॉलस्टाफबरोबर पडून राहणारा पोरगा. पण मुकुट डोक्यावर येतो आणि सल्लागार त्याला फ्रान्सवरच्या स्वारीकडे ढकलत नेतात.

आता पहिली पायरी, तपासणी. ही करायचीच, पण ती पायरी आहे, मुक्काम नाही.

सिनेमातला हॅल राज्यकारभारापासून लांब राहतो. कागदपत्रांतला हॅल तसा नाही. १४०३ च्या श्रूजबरीच्या लढाईत तो १६ वर्षांचा होता आणि चेहऱ्यात बाण घुसूनही वाचला. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने ते बाणाचं टोक कसं काढलं, हे स्वतः लिहून ठेवलंय. पुढे काही वर्षं तो वेल्समधल्या बंडाशी लढत होता. १४१० च्या सुमारास वडील आजारी असताना राजाच्या सल्लागार मंडळाची सूत्रं त्याच्याच हातात होती आणि १४११ च्या अखेरीस वडिलांनी त्याला तिथून बाजूला केलं. म्हणजे बापलेकांत ताण होता हे खरं, पण तो सत्ता नको म्हणून नव्हता.

आणखी काही गोष्टी. सिनेमात फ्रान्सचा युवराज अ‍ॅजिनकोर्टला मारला जातो. प्रत्यक्षात २५ ऑक्टोबर १४१५ च्या त्या लढाईत तो नव्हताच, त्याच डिसेंबरात वारला. हॅलचा भाऊ थॉमस सिनेमात हॅल राजा होण्याआधीच मरतो. खरा थॉमस १४२१ मध्ये बोजेच्या लढाईत पडला. फॉलस्टाफ तर शेक्सपिअरचं पात्र.

अशी यादी ५० कलमांची होईल. पण मग काय? व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतील, 'सिनेमावाल्यांनी बदल केले, हे तर आम्हालाही माहीत होतं. तुम्ही नवीन काय सांगताय?' त्या प्रश्नाला यादीतून उत्तर मिळत नाही.

म्हणून दुसरी पायरी : थर वेगळे करा. इथे तीन थर आहेत. एक, पंधराव्या शतकातली घटना. दोन, १५९० च्या दशकातली शेक्सपिअरची नाटकं. तीन, २०१९ चा सिनेमा. आता एकच पात्र घ्या आणि तिन्ही थरांतून ओढून बघा. मी सरन्यायाधीश विल्यम गॅस्कॉइन घेते.

घटनेच्या थरात : हेन्री १४१३ मध्ये गादीवर आला, त्यानंतर लवकरच गॅस्कॉइन पदावरून गेले आणि १४१९ मध्ये वारले. नाटकाच्या थरात : नवा राजा सरन्यायाधीशाला सन्मानाने जवळ करतो आणि फॉलस्टाफला झिडकारतो. म्हणजे कायदा आत, गुत्ता बाहेर. सिनेमाच्या थरात : हे बरोबर उलटं होतं. फॉलस्टाफ शहाणा, सच्चा मित्र, राजासाठी युद्धात प्राण देणारा. आणि विल्यम? युद्ध व्हावं म्हणून खोटा कट रचणारा. शेवटी राजा त्याला स्वतःच्या हाताने मारतो.

बघा, आता हातात यादी नाही, एक *आकृतिबंध* आहे. १५९० च्या दशकात विश्वास संस्थेवर होता, २०१९ मध्ये तो मित्रावर गेला. युद्धाचं कारण गादीवरचा दावा होतं, ते बनावट पुरावा झालं. आणि राजा 'अनिच्छुक' का करावा लागला, हेही इथेच उलगडतं : फसवला गेलेला राजा निर्दोष वाटायला हवा, तर त्याला मुळात युद्ध नको असायला हवं.

तिसरी पायरी, तुलना. लॉरेन्स ऑलिव्हिएचा 'हेन्री द फिफ्थ' १९४४ चा, ऐन महायुद्धातला. शेक्सपिअरच्या नाटकात राजा फ्रेंच कैद्यांना मारण्याचा हुकूम देतो. ऑलिव्हिएने तो गाळला. तिथे शूर, स्वच्छ राजा हवा होता. राजा तोच, लढाई तीच, पण प्रत्येक काळ त्यातून वेगळं उचलतो.

इथे एक धोका आहे. 'बनावट पुराव्यावरचं युद्ध म्हणजे २००३ चं इराक' असं लिहायचा मोह होईल. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. दिग्दर्शकाच्या मुलाखती, त्या काळची परीक्षणं, पटकथेची घडण यांतून आधार मिळाला तरच तो प्रबंधात येईल.

आणि सिनेमाला झोडपताना जुनी साधनं म्हणजे निखळ सत्य, असंही धरू नका. हेन्रीच्या सैन्याबरोबर असलेल्या एका धर्मगुरूने फ्रेंच सैन्य ६०,००० लिहिलंय. अ‍ॅन करी या इतिहासकार बाईंनी पगाराच्या नोंदी वगैरे तपासून २००५ मध्ये आकडे मांडले : फ्रेंच साधारण १२,०००, इंग्रज साधारण ९,०००. प्रत्यक्षदर्शी असूनही धर्मगुरूला आपल्या राजाचा विजय दैवी दाखवायचा होता. आपल्याकडे बखर आणि हिशेबाचा कागद यांचं वजन वेगळं का धरतात, ते इथे लक्षात येईल.

तर तुमचा प्रश्न आता असा होईल : 'पाचव्या हेन्रीच्या पडद्यावरच्या रूपांत युद्धाची जबाबदारी कोणावर टाकली जाते आणि ती १९४४ ते २०१९ दरम्यान कशी सरकते?' याला मर्यादा आहे, साधनं आहेत, आणि उत्तर आधीच ठाऊक नाही.

तुमच्या विषयातला एक ऐतिहासिक सिनेमा घ्या, त्यातलं एकच दुय्यम पात्र निवडा आणि सगळ्या थरांत ते कुठे कसं दिसतं, एवढंच एका पानावर लिहा. गाईडकडे ते पान घेऊन जा. चर्चा तिथून सुरू होईल.