ब्लाउजवरचा डाग आणि पित्ताची गोळी

शेवभाजी जरा तिखट झाली की खान्देशात दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी ठरलेली. चिठ्ठी नसली तरी मेडिकलवाला देतो. यातल्या बऱ्याच गोळ्यांत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून दूध आणणारं प्रोलॅक्टिन स्रवतं आणि त्याला आवर घालतं ते हेच डोपामिन. आवर सुटला की बाळ नसतानाही दोन्ही स्तनांतून दूध पाझरू शकतं. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही हेच होतं. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्यावीत. मात्र मनाने कुठलीही गोळी बंद करू नये.

गोळ्यांचा दोष नसेल तर आधी दिवस गेले नाहीत ना ते पाहतात, मग रक्तातलं थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन. थायरॉइड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं. पियूषिकेतल्या लहानशा गाठीनेही ते वाढतं. तेव्हा पाळीही चुकते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि बहुतेकींना गोळ्यांनीच उतार पडतो. अंगावरचं दूध तोडल्यावर काही महिने थेंब येत राहणं तर नेहमीचंच.

चाळिशी-पन्नाशीत दुधाच्या नळ्या रुंदावतात आणि हिरवट, चिकट स्राव येतो. दिसायला भयंकर, पण सहसा निरुपद्रवी.

काळजी करायची ती वेगळ्या पाझराची. न दाबता आपोआप येणारा, एकाच स्तनाच्या एकाच छिद्रातून, रक्ताचा किंवा पाण्यासारखा नितळ. याचंही नेहमीचं कारण नळीतला मशासारखा साधा कोंब असतो. पण काहींमध्ये त्यामागे कर्करोग निघतो, म्हणून सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी टाळता येत नाही. ‘गाठ लागत नाही, म्हणजे काही नाही’ ही समजूत इथे घातक आहे.

आणखी एक सवय मोडायला हवी. येतंय का, म्हणून बायका रोज दाबून पाहतात. त्या दाबण्यानेच स्राव चालू राहतो.

लाज हा खरा अडसर. पुरुष डॉक्टरला कसं दाखवायचं म्हणून महिने निघून जातात. पण पहिली तपासणी बाईकडूनही होऊ शकते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने स्तन तपासले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तिशीपुढच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी आता सरकारी आरोग्य कार्यक्रमातही आहे.

तेव्हा वहिनींनो, सुरुवात गावच्या आरोग्यसेविकेपासून करा. पण पाझर रक्ताचा असेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीची ओपीडी याच आठवड्यात गाठा.