‘बीड’ सहा बाइटचे की नऊ?

समजा, बीड जिल्ह्यातील सर्व शाळांची माहिती संगणकावर ठेवायची आहे. जिल्ह्यात ११ तालुके, तालुक्यात गावे, गावात शाळा. अशी एकात एक बसणारी माहिती खुणा घालून लिहिण्याची पद्धत म्हणजे एक्सएमएल (१९९८). तिच्यातून छापण्याजोगा तक्ता काढायचा, तर रूपांतराचे नियम एक्सएसएलटी भाषेत (१९९९) लिहितात. नोंदी वाढल्या की काम रेंगाळते. मग सल्ला मिळतो : जावा सावकाश चालते, तेवढा भाग सी भाषेत करा.

सल्ला अगदीच चुकीचा नाही. जावाची आज्ञावली बाइटकोडमध्ये असते आणि ती एक आभासी यंत्र चालवते. सीची आज्ञावली थेट प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरते. जावातून तिला हाक मारण्याची सोय, जेएनआय, १९९७ पासून आहे. लिबएक्सएसएलटी हा रूपांतराचा संचही सी भाषेतच लिहिलेला आहे.

पण दोहोंमध्ये एक वेस आहे. जावा देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २ बाइटमध्ये ठेवते. लिबएक्सएसएलटी यूटीएफ-८ वापरते, तेथे त्यालाच ३ बाइट लागतात. ‘बीड’मध्ये ब, दीर्घ ईची मात्रा आणि ड अशी तीन चिन्हे आहेत, म्हणजे वेशीच्या अलीकडे ६ बाइट, पलीकडे ९. शब्द नुसता पलीकडे जात नाही, तो नव्याने लिहावा लागतो. परतताना पुन्हा तेच.

उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते, तेव्हा तिच्यात एक कांडे असो की पूर्ण भार, रांग तेवढीच. १,००० शाळांच्या प्रत्येकी १० बाबी एकेक करून पाठवल्या, तर १०,००० वेळा वेस ओलांडावी लागेल. संपूर्ण दस्तऐवज एकदाच पाठवून तयार तक्ता परत घेतला, तरच सीचा वेग हाती लागण्याची शक्यता.

शक्यताच म्हणतो, कारण जावाही तितकी मंद राहिलेली नाही. वारंवार लागणारा भाग तिचे आभासी यंत्र चालता चालताच यंत्रभाषेत बदलते. पुष्कळदा दोष भाषेचा नसून आपला असतो : प्रत्येक नोंदीसाठी एक्सएसएलटीचे नियम पुन्हा वाचायला लावलेले असतात. ते एकदाच तयार करून ठेवावेत. माझ्या मते सीकडे वळण्याआधी हे तपासायलाच हवे.

आणखी एक धोका आहे. जावातील चूक बहुधा सावरता येते. सीच्या भागाने भलत्याच स्मृतीला हात लावला, तर सगळी आज्ञावलीच कोसळते. २०२४ च्या जावा २२ मध्ये पक्की झालेली नवी जोडपद्धत बरीच सुरक्षित आहे, तरी ६ चे ९ करणे तिलाही चुकत नाही.

विद्यार्थ्यांकडून मोजणी करवून घ्यायची असेल, तर तेच रूपांतर २०० वेळा करवावे, पहिल्या १०० धावांचा वेळ वेगळा नोंदवावा आणि तुलना उरलेल्या १०० धावांची करावी.