चौथ्या डिव्हिजनचा मास्तर

आज आयॅक्स क्लबच्या फुटबॉल-शाळेत शिरायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढं ढकलतोय. दोष माझ्याकडे थोडा आणि मडगावच्या एका वाचकांकडे थोडा. ते लिहितात, ‘मँचेस्टर युनायटेडच्या पोरांचा मास्तर एरिक हॅरिसन खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला, एवढं एका ओळीत सांगून तुम्ही सरळ बेकहॅमवर उडी मारलीत. जो माणूस स्वतः कधी वरच्या पायरीवर खेळला नाही, त्यानं बेकहॅम, स्कोल्स, गिग्ज यांना नेमकं शिकवलं काय? की हे आपल्या क्रिकेटच्या आचरेकर सरांसारखं प्रकरण आहे?’

प्रश्न असा आहे की तो टाळून आयॅक्सकडे जाणं म्हणजे पळ काढणं.

आचरेकर सरांची आठवण येणं साहजिक आहे. सर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, 1963-64च्या हंगामात, मोइनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून. आणि योगायोग असा की हे दोघं गेलेही एकाच हिवाळ्यात. सर 2 जानेवारी 2019ला आणि हॅरिसन 13 फेब्रुवारीला. पण साम्य इथंच संपतं. सरांचं खेळणं थोडक्यात आटोपलं आणि शिकवणं हेच त्यांचं आयुष्य झालं. हॅरिसन भरपूर खेळला. लीगचे पाचशेच्या आसपास सामने. फक्त ते सगळे अशा गावांत, जिथं सामना बघायला मँचेस्टरहून कुणी मुद्दाम गेलं नसतं. माझ्या मते त्याच्या शिकवण्याचं मूळ तिथंच आहे, म्हणून आज त्याच्या खेळण्याबद्दलच लिहितो.

जन्म 1938चा, यॉर्कशायरमधला. 1957 साली तो हॅलिफॅक्स टाउनकडून खेळू लागला. जागा विंग-हाफची. आजच्या भाषेत मधल्या फळीतला राबणारा गडी. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा, आपल्यातल्या हुशार माणसाला द्यायचा आणि पुन्हा मागं पळायचं. वर्तमानपत्रात नाव येतं ते दंड झाला तर. पुढच्याच वर्षी, 1958मध्ये, इंग्लंडच्या लीगची फेररचना होऊन चौथी डिव्हिजन निघाली. हॅलिफॅक्सनंतर हार्टलपूल्स, बॅरो, साउथपोर्ट अशी त्याची वाटचाल झाली. नकाशा काढून बघा. लोकरीच्या गिरण्या, गोद्या, जहाजं बांधायचे धक्के आणि शेवटी समुद्रकाठचं सहलीचं गाव. इंग्लंडच्या उत्तरेचा हा सगळा पट्टा त्यानं अंगावर चिखल घेत पाहिला.

त्या काळात खेळाडूच्या पगाराला छत होतं. आठवड्याला 20 पौंड, त्याहून वर पैसा नाही. मग तुम्ही कुणीही असा. हे छत जानेवारी 1961मध्ये निघालं, पण ते निघाल्याचा फायदा फुलहॅमच्या जॉनी हेन्सला झाला, हॅलिफॅक्सच्या हाफला नाही. पगारापेक्षा खरी दहशत होती ती यादीची. हंगाम संपला की क्लब यादी लावायचा. कुणाला ठेवलं, कुणाला काढलं. ज्याला ठेवलं त्याला करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. 1963मध्ये जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला तेव्हा ही वेठ सैल झाली. ज्याला काढलं त्यानं उन्हाळ्यात कुठं तरी काम बघायचं आणि कुणाचा तरी निरोप यायची वाट बघायची.

ही यादी डोक्यात ठेवा. पुढं लागणार आहे.

हार्टलपूल्सला असताना ऑक्टोबर 1965मध्ये तिथं नवा मॅनेजर आला. वय 30. नाव ब्रायन क्लफ. सोबत पीटर टेलर. (क्लफवर एक अख्खा लेख द्यायचं मी कधीपासून कबूल करतोय, ते मला आठवतंय.) क्लफ गोल करणारा जबरदस्त खेळाडू होता, पण 1962च्या नाताळात गुडघा गेला आणि कारकीर्द संपली. मॅनेजर होण्याआधी त्यानं काय केलं? संडरलँडच्या पोरांना शिकवलं. म्हणजे हॅरिसन ज्याच्या हाताखाली आला, तोही खेळाडूचा पोरांचा मास्तर झालेलाच माणूस. क्लबकडे पैसा इतका कमी की क्लफनं संघाची बस चालवायचा परवाना काढला. क्लफकडून हॅरिसननं नेमकं काय उचललं हे मोजायला माप नाही. पण मधल्या फळीतल्या माणसानं अवघड काही करू नये, चेंडू मिळाला की आपल्याच माणसाला द्यावा, हा क्लफचा जन्मभराचा हेका होता. हॅरिसनच्या पोरांनाही पुढं हेच ऐकावं लागलं.

आणि बॅरो. या क्लबची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला खरी वाटणार नाही. तेव्हा चौथ्या डिव्हिजनच्या खाली आपोआप घसरण नव्हती. तळाच्या चार क्लबांनी बाकीच्या क्लबांपुढं हात जोडायचे आणि मतदानाला उभं राहायचं. 1972मध्ये बॅरो मतदानात पडला आणि हेरफर्ड युनायटेड आत आला. बॅरोला परत लीगमध्ये यायला 2020 साल उजाडलं. म्हणजे त्या थरात नुसत्या खेळाडूचीच नाही, अख्ख्या क्लबचीही यादी लागत होती.

अशा ठिकाणी मुरलेला माणूस एव्हर्टनमध्ये पोरांचा प्रशिक्षक झाला आणि 1981मध्ये रॉन ॲटकिन्सननं त्याला मँचेस्टर युनायटेडला आणलं. युनायटेडच्या इतिहासात पोरांच्या संघाला देव्हाऱ्यातली जागा. 1953 ते 1957 सलग पाच वर्षं एफए यूथ कप त्यांचा. पण 1964नंतर तो कप आलेला नव्हता. हॅरिसननं पहिल्याच हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि वॉटफर्डविरुद्ध दोन सामने मिळून 7-6 असा हरला. सात-सहा! बचाव शिकवणाऱ्या माणसाला त्या रात्री झोप लागली असेल असं वाटत नाही. त्या संघात मार्क ह्यूज होता आणि नॉर्मन व्हाइटसाइड होता. व्हाइटसाइड त्याच उन्हाळ्यात 17 वर्षं आणि 41 दिवसांचा असताना विश्वचषकात उतरला आणि सर्वांत लहान खेळाडूचा पेलेचा विक्रम मोडला. बेकहॅमच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. बेकहॅमच्या पिढीच्या, म्हणजे ‘क्लास ऑफ 92’च्या, गजरात ती कुणी सांगत नाही, म्हणून सांगितली.

नोव्हेंबर 1986मध्ये युनायटेडचा मॅनेजर म्हणून फर्ग्युसन आला. त्याची तक्रार होती, पोरं वर येत नाहीत. हॅरिसनचं उत्तर सरळ होतं. तुम्ही चांगली पोरं आणून द्या, मी खेळाडू देतो. पोरं शोधणारी माणसं वाढवा. फर्ग्युसननं ती वाढवली. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात मास्तरानं स्वतःच्या कामाची हद्द सांगितली. चमत्कार करतो असं तो म्हणाला नाही.

आता वाचकांच्या प्रश्नाचा गाभा. 1989 ते 1993 या काळात त्याच पोरांना शिकवायला युनायटेडमध्ये आणखी एक माणूस होता. नॉबी स्टाइल्स. तोही विंग-हाफच. 1966चा विश्वचषक जिंकलेला, 1968चा युरोपियन कप जिंकलेला. दात काढून ठेवून वेम्ब्लीवर नाचलेला तो हाच. म्हणजे एकाच मैदानावर, एकाच जागेवर खेळलेले दोन मास्तर. एक जगज्जेता आणि एक हॅलिफॅक्सचा. पोरं दोघांकडूनही शिकली. तरी ‘आम्हाला कुणी घडवलं’ असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी आधी हॅरिसनचं नाव येतं. स्टाइल्सपेक्षा त्याला खेळ जास्त कळत होता असं नाही. पण प्रत्येक पोराला वाटतं की आपण स्टाइल्स होणार. त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी, झालंच तर, हॅरिसन होणं असतं. तो रस्ता हॅरिसनला तोंडपाठ होता.

सरावाचं ठिकाण ‘द क्लिफ’. सॅल्फर्डमध्ये, घरांच्या वस्तीत. इमारतीच्या वरच्या मजल्याला मैदानाकडे तोंड करून खिडकी. हॅरिसन सामना तिथून बघायचा. ही खिडकी म्हणजे माझा आवडता विषय, त्यामुळे जरा थांबू. बाजूच्या रेषेवर उभं राहिलं की जवळचा माणूस मोठा दिसतो आणि पलीकडचा बॅक कुठं उभा आहे ते कळतच नाही. वरून बघितलं की चेंडू लहान होतो आणि मोकळ्या जागा दिसतात. गोल कुणी केला हे दिसायला खिडकी लागत नाही. गोलच्या आधी कोण चालत होता, हे दिसायला लागते. खाली बेकहॅमनं चाळीस यार्डांचा लांब, देखणा चेंडू मारायचा आणि वर काचेवर मुठी आदळायच्या. सगळं मैदान ऐकायचं. असल्या चेंडूंना हॅरिसनचं नाव होतं, ‘हॉलिवूड पास’. गंमत अशी की पुढं जगानं बेकहॅमला त्याच लांब चेंडूंसाठी डोक्यावर घेतलं. मग मास्तर चुकला का? मला नाही वाटत. लांब चेंडू मारू नको असा त्या काचेचा अर्थ नव्हता. दहा यार्डांवर माणूस मोकळा असताना का मारलास, असा होता. पुढं मोठा झाल्यावर बेकहॅमनं लांब चेंडू सोडले नाहीत, पण ते कधी मारायचे हे त्याला कळलेलं दिसतं.

खिडकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्यातून मैदान दिसतं, कपडे बदलायची खोली दिसत नाही. नव्या पोरांना जुनी पोरं कसं छळायची, काय काय करायला लावायची, हे त्या पिढीच्या खेळाडूंनीच पुढं सांगितलंय. ऐकताना ते हसून सांगतात, आपल्याला हसू येत नाही. हॅरिसनची जीभही धारदार होती. आज तसा मास्तर कुठल्या अकादमीत आठवडाभर टिकणार नाही, आणि न टिकलेलाच बरा. त्याच्या शिव्यांमुळे पोरं घडली असं म्हणणारे लोक भेटतात. आपल्याकडच्या मैदानांवर तर फारच. शिव्या देणारे त्या काळी इंग्लंडभर होते. गिग्ज, बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू एकाच घरातून निघाले ते क्लिफमधून.

शिवीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती लँकेशायर लीग. युनायटेडचे ए आणि बी हे पोरांचे संघ शनिवारी सकाळी या लीगमध्ये खेळायचे, आणि समोर अनेकदा लहान क्लबांचे राखीव संघ असायचे. म्हणजे सतरा वर्षांच्या बारकुड्या पोरांसमोर तिशीतले, कोपर कसं मारावं हे पंचापेक्षा चांगलं जाणणारे पुरुष. दुसऱ्या शब्दांत, तरुणपणीचे हॅरिसन. आजची पोरं बहुतेक वेळा आपल्या वयाच्या पोरांशीच खेळतात. हातात तंत्र असतं, पण दुसरा चेंडू कुठं पडणार हे हाडामांसाच्या माणसाशी भिडल्याशिवाय कळत नाही.

1992मध्ये अखेर यूथ कप आला. क्रिस्टल पॅलेसला त्यांच्या मैदानावर 3-1, मग ओल्ड ट्रॅफर्डवर 3-2. पहिल्या सामन्यात निकी बटचे दोन, बेकहॅमचा एक. स्कोल्स आणि फिल नेव्हिल त्या अंतिम सामन्यात नव्हते, हे इथं मुद्दाम नोंदवतो, कारण पैजा लागतात. पुढचं समालोचक ॲलन हॅन्सनचं ‘पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही’ वगैरे इतक्या वेळा सांगून झालंय की मी सोडून देतो. 1999ला बार्सिलोनात युनायटेडनं युरोपचा कप उचलला तेव्हा सुरुवातीच्या अकरांत त्या संघातले चार होते. स्कोल्स निलंबित.

पण ती यादी. त्या संघातले बाकीचे? डाव्या विंगेवरचा बेन थॉर्न्ली अनेकांच्या मते त्या घोळक्यातल्या अव्वल पोरांपैकी होता. एप्रिल 1994मध्ये ब्लॅकबर्नविरुद्ध राखीव संघाच्या सामन्यात एका आडव्या टॅकलनं त्याचा गुडघा गेला. तो परत आला, खेळला, पण तो वेग आला नाही. मधला बॅक क्रिस कॅस्पर रेडिंगकडून खेळताना पाय मोडून संपला आणि तिशीतच बरीचा मॅनेजर झाला. रॉबी सॅव्हेजला 1994मध्ये युनायटेडनं काढलं. ‘चांगला आहेस, पण इथं पुरेसा नाहीस’ हे वाक्य सांगणं हा पोरांच्या मास्तराच्या कामाचा मोठा हिस्सा, आणि त्याचं प्रशिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नीट मिळत नाही. ज्याच्या घरात दर उन्हाळ्यात यादीची धास्ती होती, त्याला ते वाक्य बोलताना निदान ऐकणाऱ्याला काय वाटतं हे माहीत होतं. सॅव्हेज तिथून क्रूला गेला. तेव्हाचं क्रू म्हणजे डॅरियो ग्राडीची शाळा. (हाही लेख उधार.) तिथून तो लेस्टरला, आणि प्रीमियर लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळला.

हॅरिसन 1998मध्ये निवृत्त झाला, असं आपलं म्हणायचं. मार्क ह्यूज वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला तेव्हा त्यानं आपल्या जुन्या मास्तराला मदतीला बोलावलं. ऑक्टोबर 2002मध्ये कार्डिफला वेल्सनं इटलीला 2-1 हरवलं. बुफॉन, नेस्टा, पिर्लो असलेली इटली. पहिला गोल सायमन डेव्हिसचा, पण हा 1992च्या यूथ कपवाल्या संघातला सायमन डेव्हिस नव्हे, त्याच नावाचा दुसरा. दुसरा गोल बेलॅमीचा. डाव्या बाजूला गिग्ज, मॅनेजर ह्यूज, आणि मधल्या फळीत, चेंडू काढून घेऊन हुशार माणसाला द्यायच्या जागेवर, युनायटेडनं काढून टाकलेला सॅव्हेज.

मडगावकर वाचकांनी पत्राच्या शेवटी बिबियानो फर्नांडिसचाही उल्लेख केलाय. गोव्याच्या क्लबांतून खेळून मग भारताच्या सोळा वर्षांखालच्या पोरांना घेऊन 2018मध्ये आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा मास्तर. दक्षिण कोरियाकडून 1-0 हरले, नाहीतर पोरं विश्वचषकात असती. तो विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही. आधी आयॅक्स, मग बिबियानो. क्लफ आणि ग्राडी रांगेत आहेतच.