गोदेचा गाळ आणि बदलता पाऊस



जन्मभर साहित्य शिकविलेल्या माणसाने गाळाविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मला हा विषय शब्दांतूनच भेटला. भीज पाऊस, झड, सर, मुसळधार असे भेद आपल्या भाषेने केले, ते शेतकऱ्याच्या अनुभवातून. भीज पाऊस जमिनीत मुरतो. मुसळधार पाऊस जमीन घेऊन जातो.

यातील कार्यकारणभाव साधा आहे. टपोरा थेंब उघड्या ढेकळावर आदळला की मातीचे कण सुटे होतात. मुरण्याच्या वेगाहून पाऊस अधिक झाला की पाणी वाहू लागते आणि ते कण ओघळीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याची गाळ वाहण्याची शक्ती दुपटीहून कितीतरी अधिक वाढते. म्हणूनच वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत वाहतो. पावसाची सरासरी तीच राहिली, पण तो थोड्या दिवसांत कोसळला, तर गाळ मात्र तेवढाच राहत नाही.

नेमके हेच घडू लागले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला हे विशेष बाधते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भिजताच ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणे मंदावते. पेरणी नुकतीच झालेली, पिकाचे छत्र अद्याप नाही, अशा वेळी अतिवृष्टी झाली तर वरचा कसदार थरच निघून जातो.

हा गाळ जातो कोठे? त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहते. पैठण, नांदेड मागे टाकून ती कंदकुर्तीजवळ तेलंगणात शिरते, तेथे तिला मांजरा मिळते आणि पुढे पोचमपाडचा श्रीरामसागर लागतो. संथ पाण्यात गाळ तळाशी बसतो. या जलाशयाची मूळ क्षमता ११२ अब्ज घनफूट होती. १९९४ च्या पाहणीत ती सुमारे ९० वर आलेली आढळली. वरच्या शेतकऱ्याची माती गेली आणि खालच्या शेतकऱ्याचे पाणी गेले.

यातून एक विपरीत स्थिती उद्भवते. वरच्या अंगाला धूप वाढते, तरी धरणांमुळे समुद्राकडे जाणारा गाळ घटतो. गाळावरच घडलेल्या आंध्रातील त्रिभुज प्रदेशाला त्याचा पुरवठा कमी पडतो आणि लाटा किनारा कुरतडू लागतात.

उपाय अपरिचित नाहीत: उताराला आडवी पेरणी, समतल बांध, बांधावर गवत, आणि तलावात साठलेला सुपीक गाळ पुन्हा शेतात नेणे. मात्र जुन्या पावसाच्या हिशेबाने ठरविलेले धरणांचे आयुष्य आता नव्याने मोजावयास हवे.

आपल्या शाळेला एक विनंती करतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांनी जवळच्या नाल्याचे पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवावे व तळाशी बसलेला थर दरवर्षी मोजून वहीत नोंदवावा. आपल्या पायांखालचे काय वाहून जात आहे, हे त्यांना कोणाच्या व्याख्यानावाचून कळेल.