मंदीतला किराणा: वऱ्हाडातले काही गैरसमज

मंदीत पहिली कात्री धान्यावर चालवली जाते. खरे तर तिथे कापण्यासारखे फारसे काही नसते. 2022-23 च्या देशव्यापी घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा 3.64 टक्के होता, तर पेये, बाहेरचे खाणे आणि पाकीटबंद पदार्थांचा 10.64 टक्के. खेड्यांत हेच आकडे 4.91 आणि 9.62 होते.

अकोला म्हणजे तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळमिलांचे गाव. तेव्हा तिथे डाळ स्वस्तच असणार, हा दुसरा समज. हिशेब वेगळा निघतो. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, बाकी चुनी-फोल. समजा तूर 7,500 रुपये क्विंटलने घेतली, तर नुसत्या कच्च्या मालापोटीच डाळ किलोला 100 ते 107 रुपयांना पडते. चुनी ढोरांच्या खुराकासाठी विकून थोडे पैसे सुटतात, पण भरडाई, हमाली आणि दुकानदाराचा नफा वर चढतोच. शिवाय भाव एकट्या वऱ्हाडच्या पिकावर ठरत नाही. म्यानमार आणि मोझांबिकची तूरही तो हलवते. बचत करायची तर ती डाळीच्या प्रतीत आहे. चकाकी पाण्याच्या किंवा तेलाच्या पॉलिशने येते, तिचा पोषणाशी संबंध नाही. अख्ख्या पाकळीच्या फटका डाळीपेक्षा तुकडा डाळ स्वस्त असते आणि घोटलेल्या वरणात दोन्ही सारख्याच. सुट्या डाळीवर जीएसटीही नाही. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर तो 5 टक्के आहे.

ज्वारी ही गरिबाची भाकर, हे आता जुने झाले. सोयाबीनने तिची वावरे घेतली, आणि दुकानात ती अनेकदा साध्या गव्हाहून महाग असते.

रेशनच्या तांदळात ‘प्लास्टिकचे’ दाणे असतात म्हणून तो विकून टाकणारी घरे आहेत. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. वेचून फेकले तर पोषणच फेकले जाते.

छोटा पुडा खिशाला हलका, हाही भ्रमच. भाव वाढला की पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत तीच राहते, वजन घटते. त्यामुळे छापील किमतीपेक्षा ग्रॅममागचा दर पाहावा. रोजचा एक दहाचा पुडा महिन्याला 300 रुपये नेतो.

मंदीत लोक मोठी खरेदी टाळून लिपस्टिकसारखी छोटी चैन वाढवतात, असे सौंदर्यप्रसाधन उद्योगातले लिओनार्ड लॉडर यांनी 2001 च्या सुमारास मांडले. तो नियम मात्र ठरला नाही. 2020 मध्ये तोंडाला मास्क आले आणि लिपस्टिकचा खप घसरला. छोटी चैन म्हणजे उधळपट्टी, हेही तितकेच अर्धवट: अमरावतीत महिन्यातून एकदा खाल्लेली गिल्या वड्याची प्लेट रोजच्या पुड्यापेक्षा बरीच स्वस्त पडते.