रेषांनी कोरलेली दरी

कागद सपाट असतो. मग त्यावर सुमारे दीड किलोमीटर खोल दरी दाखवायची कशी?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅनियन ही अशीच दरी. हा उंचावरील रुक्ष वाळवंटी मुलूख. येथील खडकांचे थर बहुतांशी आडवे असून कोलोरॅडो नदीने ते कापीत नेले आहेत. चुनखडक, वालुकाश्म यांसारखे कठीण थर कडे होऊन उभे राहतात. मृदू थर झिजून त्यांचे उतार बनतात. माथ्याच्या कठीण थरामुळे सपाट राहिलेल्या टेकडीला तिकडे 'मेसा' म्हणतात. स्पॅनिश भाषेत मेसा म्हणजे मेज!

समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्चरेषा, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. रेषा विरळ तर जमीन सपाट, दाट तर चढ तीव्र आणि एकमेकींना चिकटल्या तर कडा. १८८० नंतरच्या दशकात या प्रदेशाचे जे नकाशे निघाले, त्यांत लगतच्या दोन समोच्चरेषांच्या उंचीत २५० फुटांचा फरक असे. आता समजा, २०० फुटांचा एक कडा नेमका दोन रेषांच्या मध्ये आला. तो नकाशावर उमटणारच नाही! अशा नकाशावर विसंबून वाट शोधणाऱ्याची केवढी फसगत!

१९०२ साली फ्रांस्वा मॅथेस या सर्वेक्षकाने नवी मोजणी सुरू केली. प्रमाण १:४८,०००, म्हणजे नकाशावरील १ इंच बरोबर जमिनीवरील ४,००० फूट. रेषांमधील फरक अवघा ५० फूट. तिपाईवरील फळ्यावर कागद लावायचा आणि पलीकडचे शिखर दोन ठिकाणांहून दुर्बिणीतून हेरून त्या दिशेने रेघा ओढायच्या. रेघा जेथे छेदतील तेथे शिखर. अंतर कळले, की उन्नत कोनावरून त्रिकोणमितीने उंची निघते. जेथे पाय ठेवणे अशक्य, त्या कड्याचीही मोजणी झाली!

या नकाशावर २०० फुटांच्या कड्याला चार रेषा मिळतात. ४५ अंशांचा उतार असेल, तर एका इंचात तब्बल ८० रेषा! याच दरीतील दोन शिखरांना 'विष्णू' आणि 'शिव' यांची नावे आहेत. ती भूवैज्ञानिक क्लॅरन्स डटन यांनी दिली.

तुमच्या शाळेत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा असेल, तर तो उघडा. प्रथम समोच्चरेषांमधील फरक वाचा. तो २० मीटर असेल, तर १५ मीटरचा कडा त्यावर लपू शकेल. तेव्हा दोन रेषांमधील कोरी जागा म्हणजे सपाट जमीनच, असे कधीही समजू नका.