गाडी थंडीत रुसते तेव्हा

निफाडकडची थंडी तुम्ही ऐकून असालच. गेल्या पौषात आमची जुनी डिझेल पिकअप रोज पहाटे रुसू लागली. ह्यांनी बॅटरी बदलली, तरी ढिम्म! शेवटी रविवारी आम्ही दोघांनीच अंगणात बॉनेट उघडलं.

मैत्रिणींनो, डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत इंजिनच गार, म्हणून आधी हीटर प्लग तापवावे लागतात. फोडणीआधी आपण कढई तापवतो ना, तसंच!

आधी बॅटरीची तार काढा. प्लगची वायर सोडवून मल्टिमीटरचं एक टोक प्लगला, दुसरं इंजिनच्या अंगाला लावा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. आकडाच आला नाही तर तो गेला. आमचे चारातले दोन गेलेले! जुना प्लग अडला तर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबा. आत तुटला तर हेड उतरवायचा खर्च.

एका इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं साचलं होतं. खालचा तांब्याचा वायसर गळत होता. तो नेहमी नवाच घालावा. जुना आत चिकटलेला नाही ना, तेही बघावं, आणि बसायची जागा स्वच्छ पुसावी.

मात्र इंजिन चालू असताना गळती हातानं चाचपू नका. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा. ह्यांचा हात पुढं गेलाच होता, मीच मागं ओढला!

दुसऱ्या दिवशी पहिल्या चावीला गाडी सुरू. चहा त्या दिवशी ह्यांनी केला!